तोंडावरचं पाप

मी माळकरी माणूस. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून सिन्नरच्या वाटेला लागली की दिंडीत असतो. दारूला कधी हात लावला नाही. तरी नाक आणि गाल लालभडक, उन्हातून आलो की आणखी पेटतात. गावात त्याचे दोन निकाल लागलेत. एक, 'चोरून घेतो.' दुसरा, 'मागच्या जन्मीचं काहीतरी आहे.' पहिल्यावर मी हसतो. दुसरा जिव्हारी लागतो, कारण तो देणारी माणसं माझ्याच दिंडीतली आहेत.

या दुखण्याचं नाव रोझेशिया. हा बहुधा तिशीनंतर येतो. लाली, बारीक शिरा, कधी पुटकुळ्या; डोळ्यांत कचरा गेल्यासारखं खुपतं. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, नुसती आग होते, म्हणून निदान लांबतं. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अस्वच्छतेनं होत नाही; उलट तोंड घासलं, लिंबू चोळलं की चिडतो. दारूनं भडकतो हे खरं, पण ऊन, वाफाळता चहा, तिखट रस्सा आणि संताप यांनीही भडकतो. मुळाशी काय, याचं एका शब्दात उत्तर नाही. आनुवंशिकता, रक्तवाहिन्या, त्वचेची प्रतिकारशक्ती, सगळ्यांचा थोडाथोडा वाटा.

गोम इथंच आहे. नेमकं कारण सापडलं नाही की माणसाला पाप सापडतं.

कर्मसिद्धान्त मीही मानतो. पण तो आपण कसं वागावं यासाठी आहे, शेजाऱ्याचं तोंड वाचण्यासाठी नाही. कुणाचं कुठलं फळ कुठल्या जन्मीचं, हे बघायची दृष्टी आपल्यापाशी नाही. ती आहे असं धरून निकाल देणं, हेच एक नवं कर्म झालं.

अशा निकालाचं उत्तर आमच्या देवळातच आहे. सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर मंदिर शिवपंचायतन आहे. मधे महादेव, भोवतीच्या चार छोट्या देवळांपैकी एक सूर्याचं. कृष्णपुत्र सांबाला शापानं कुष्ठ झालं आणि सूर्योपासनेनं ते गेलं, ही पुराणकथा सगळ्यांना ठाऊक. पण आपण तिच्यातला शाप तेवढा पाठ केला. सांब शापाचा काथ्याकूट करत बसला नाही, दीर्घकाळ उपासनेला लागला. मला त्याच सूर्याचं ऊन सोसत नाही, म्हणून नमस्कार सकाळी कोवळ्या उन्हात करतो आणि पुढं दिवसभर सनस्क्रीन, टोपी. यात देवाचा अपमान मला दिसत नाही.

उपचारालाही धीर लागतो. मेट्रोनिडॅझोलचं जेल, गरज पडली तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. रोग समूळ जात नाही, आटोक्यात राहतो. धीर नसलेला माणूस स्टेरॉइडची ट्यूब आणतो. चार दिवस चेहरा उजळतो, सोडली की दुपटीनं पेटतो. मला तर एका दुकानदारानं अशी ट्यूब न मागता पुढं केली होती. चमत्काराची हाव देवळाबाहेरही असते.

आता कुणी मागचा जन्म काढला की मी सांगतो, "माउली, त्या जन्माचे कागद माझ्याकडं नाहीत. या जन्माची डॉक्टरची चिठ्ठी आहे, तिच्याप्रमाणं चाललंय."