पानांचा आडोसा

आमच्या बैठकीच्या खोलीत लालबुड्या बुलबुलाचे एक छायाचित्र टांगलेले आहे. घरट्याच्या काठावर आई बसली आहे (की बाप, कोण जाणे, दोघे दिसायला सारखेच!), तिच्या चोचीत किडा आहे आणि पुढ्यात तीन इवल्या चोची आ वासून आहेत. दिवाळीच्या फराळाला येणारी मंडळी चकलीचा तुकडा मोडता मोडता त्याच्यापुढे हटकून थबकतात. ‘तुम्ही इतक्या जवळ गेलात तरी पाखरू घाबरलं कसं नाही हो?’ असे कोणीतरी विचारतेच. मग मला लपणाची हकीकत सांगावी लागते.

लपून छायाचित्रे काढण्याची विद्या जुनी आहे. इंग्लंडातल्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या बंधूंनी 1900 साली चक्क एक पोकळ बैल तयार करवला आणि त्याच्या पोटात उभे राहून ते पाखरांची चित्रे घेऊ लागले. एकदा आत रिचर्डला घेरी आली आणि बैल चारही पाय वर करून आडवा झाला! आता इतका खटाटोप उरलेला नाही. पानाफुलांच्या छापाचे अभ्रे बाजारात तयार मिळतात, आवाज न करणारे कॅमेरेही निघाले आहेत. पण एक जुनी युक्ती अजून चालते. लपणात दोघांनी शिरायचे आणि एकाने बाहेर पडून निघून जायचे. पाखराला वाटते, माणूस गेला. बिचाऱ्याला हिशेब जमत नाही.

ही फसवणूक नव्हे काय? माझा एक मित्र म्हणतो, ‘शिकारी लपतो तो जीव घ्यायला. आपण काय घेतो? नुसता उजेड!’ मला हे पुष्कळ अंशी पटते. घरात तान्हे मूल निजले असले की आपण पाऊल न वाजवता चालतो. ती काही लबाडी नव्हे. पाखराला भिववायचे नाही म्हणून आपली आकृती, कॅमेऱ्याची चकाकी, भिंगाचा तो मोठा डोळा झाकणे हीदेखील एक रीतच आहे. मात्र रीत पाळणाऱ्याने प्रसंगी रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेवली पाहिजे. माझी ती नव्हती.

एका उन्हाळ्यात कुंपणाच्या झुडपात मला ते घरटे सापडले. चार दिवस मी लपण हळूहळू पुढे सरकवत आणले. कॅमेऱ्याला हिरवे फडके गुंडाळले, वर खऱ्या डहाळ्या बांधल्या. बुलबुलाची जोडी निर्धास्तपणे ये-जा करू लागली. फक्त एक फांदी मध्ये येत होती. तिची सावली थेट पिलांवर पडे. मी ती तोडली नाही हो! सुतळीने अलगद मागे बांधली. उजेड घरट्यात उतरला आणि हवे ते चित्र मिळाले. निघताना सुतळी सोडायची मात्र राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. बाजूच्या आंब्यावर डोमकावळा बसला होता. माझी ये-जा त्यानेही पाहिली असेल. त्याच्यापासून लपायचे मला सुचलेच नव्हते. जोडी चोचीत किडे घेऊन झुडपाभोवती घिरट्या घालत होती.

कावळ्याला मी दोष देत नाही; त्यालाही पिले असतात. मला बोचते ते निराळेच. त्या झुडपाने पिलांना जो आडोसा दिला होता, तो मी काढून घेतला आणि तसलाच आडोसा माझ्या कॅमेऱ्याला घातला. लपण्याची खरी गरज कोणाला होती?

यंदा वसुबारसेला शेजारची सहा वर्षांची मुलगी त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मग मागे वळून तिने विचारले, ‘आजोबा, मग ही पिल्लं मोठी झाली का?’

‘झाली की,’ मी म्हणालो, आणि करंज्यांचे ताट तिच्यापुढे केले.