शोकेसमधली कपबशी

सोसायटीची वार्षिक सभा आटोपून आम्ही जिना चढत होतो. बरोबरचे शेजारी आवाज खाली आणून म्हणाले, "काकांच्या डोक्यावर परिणाम झालाय हो." काका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. बगलेत उपविधींची प्रत, तिच्या पानापानाला चिकटवलेल्या कागदी खुणा, आणि दर सभेत तोच एक प्रश्न: इथे जे छापलंय ते आपण का करत नाही? मी शेजाऱ्यांना "हं" म्हणालो. तो नुसता हुंकार होता, होकार नव्हता, असे घरी येऊन मी स्वतःला समजावले. पण जिन्यात हुंकाराचाही होकार होतो. ते "हं" मला रात्रभर टोचत राहिले, आणि त्यातूनच पेत्रो ग्रिगोरेन्को आठवला.

सोव्हिएत सेनानी म्हटले की आपल्याला झुकॉव्ह आठवतो, स्टालिनग्राड आठवते, बर्लिनवर चढवलेला लाल झेंडा आठवतो. ते सगळे वाचकाला ठाऊक आहे. ग्रिगोरेन्कोचे नाव त्या यादीत वरच्या बाजूला येणार नाही. 1907 साली युक्रेनमधल्या बोरिसिव्का गावी शेतकऱ्याच्या घरी जन्म. विशीत कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. लष्करी अभियंता. 1939 मध्ये मंगोलियाच्या सीमेवर, खाल्खिन-गोल नदीकाठी जपान्यांशी झालेल्या लढाईत तो होता. पुढे महायुद्धात लढला, जखमी झाला, पदके मिळवली. युद्धानंतर मॉस्कोच्या फ्रुंझे लष्करी अकादमीत शिकवू लागला, तिथल्या सायबरनेटिक्स विभागाचा प्रमुख झाला, 1959 मध्ये मेजर जनरल. मॉस्कोत घर, चांगला पगार, हाताखाली माणसे. इथे चरित्र संपले असते तर एखाद्या लष्करी कोशात त्याला चार ओळी मिळाल्या असत्या.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी शोकेसबद्दल बोलतो. आमच्या पिढीतल्या घरांच्या बैठकीत काचेचे कपाट असे आणि त्यात सोनेरी काठाच्या सहा कपबश्या. लग्नात अहेर म्हणून आलेल्या. चहा मात्र रोज कान तुटलेल्या कपांतून व्हायचा. पाहुणे आले तरी मधल्या दर्जाचे कप निघायचे. सोनेरी काठवाले जागचे हलायचे नाहीत. ते दिसण्यासाठी होते. एखाद्या पोराने "मला त्यातून दूध दे" म्हटले की आई म्हणायची, "वेडा आहेस का?" शब्दांचेही असेच असते, असा माझा जुना सिद्धांत आहे आणि तो ऐकवण्याची संधी मी सहसा सोडत नाही. काही शब्द वापराचे असतात, काही शोभेचे. प्रत्येक संस्थेत, पक्षात, देशात दोन्ही प्रकार असतात. कोणते कुठले हे कोणी शिकवत नाही, तरी बहुतेक माणसे लवकरच ओळखायला लागतात. माझे शेजारी या ओळखीला 'तारतम्य' म्हणतात. "नियम असतात हो, पण माणसाला तारतम्य हवं," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

ग्रिगोरेन्कोने शोकेस उघडून त्यातल्या कपात चहा ओतला. 7 सप्टेंबर 1961 रोजी मॉस्कोच्या लेनिन विभागातल्या पक्ष परिषदेत तो बोलायला उभा राहिला. स्टालिनची व्यक्तिपूजा चुकीची होती, हे पक्षाने स्वतःच पाच वर्षांपूर्वी कबूल केले होते. ग्रिगोरेन्कोने ते खरे मानले. मग आता ख्रुश्चेव्हभोवती नवी आरती का चालू आहे, असे त्याने विचारले. नेत्यांनी बदलत राहावे, मतदारांना उत्तरे द्यावीत, पदाबरोबर येणारे गलेलठ्ठ पगार कमी व्हावेत, असे तो म्हणाला. यात लेनिनच्या विरुद्ध एक अक्षर नव्हते. उलट तो लेनिनवादीच होता, कट्टर होता, आणि अडचण नेमकी तीच होती. शत्रूचे काय करायचे ते सत्तेला ठाऊक असते. तिचेच शब्द पाठ म्हणून दाखवणाऱ्याचे काय करावे, हे कळत नाही. त्याची अकादमीतून उचलबांगडी होऊन रवानगी अतिपूर्वेला, उसुरीस्कला झाली. तिथेही त्याला तारतम्य आले नाही. 1963 मध्ये त्याने 'लेनिनवादाच्या पुनःस्थापनेसाठी संघर्ष संघ' नावाची एक इवलीशी संघटना काढली आणि पत्रके वाटली. फेब्रुवारी 1964 मध्ये त्याला अटक झाली.

खटला चालवला असता तर न्यायालयात जनरलसाहेब लेनिनचे उतारे वाचून दाखवणार. ते परवडणारे नव्हते. म्हणून त्याला मॉस्कोच्या सेर्ब्स्की संस्थेत मनोविकारतज्ज्ञांपुढे उभे केले. निदान झाले, 'व्यक्तिमत्त्वाचा पॅरानॉइड विकास', म्हणजे संशयाने आणि सुधारणेच्या कल्पनांनी पछाडलेला माणूस. मग लेनिनग्राडचे खास मनोरुग्णालय. शिवाय जनरलपद काढून घेतले आणि त्याला साधा शिपाई केले; सेनाधिकाऱ्याचे पेन्शनही गेले. इथे वाचकाने जरा थांबावे. माणूस वेडा असेल तर त्याला आजारी म्हणून सन्मानाने निवृत्त करायचे आणि पेन्शन द्यायचे. शहाणा असेल तर खटला चालवून शिक्षा द्यायची. पण रुग्णालयात ठेवण्यापुरता तो वेडा होता आणि पद काढण्यापुरता शहाणा. ऑक्टोबर 1964 मध्ये ख्रुश्चेव्हला त्याच्या सहकाऱ्यांनीच मनमानीचा ठपका ठेवून घरी बसवले; तरी ख्रुश्चेव्हची मनमानी आधी दिसलेला माणूस पुढचा एप्रिल येईपर्यंत वेडाच राहिला. सुटल्यावर सायबरनेटिक्सचा हा माजी विभागप्रमुख दुकानात हमाली करू लागला.

शेजाऱ्यांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितले. ते म्हणाले, "ती हुकूमशाही होती. आपल्या काकांना कोणी कोंडलंय का?" बरोबर आहे. सोसायटीच्या पार्किंगमधून गुलागकडे रस्ता जात नाही आणि तसा तो काढणे हा दुःखाचा अपमान आहे, हे मला मान्य आहे. मग ते म्हणाले, "आणि खरं सांगू? घरदार, पगार, पद सगळं असताना असं कोणी करतं का? काहीतरी बिघडलेलं असणारच." मला वाटते, इथे मात्र ते सेर्ब्स्की संस्थेच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या डॉक्टरांपैकी काही सरळ सरळ खोटे बोलत असतील. पण सगळे? ज्या समाजात प्रत्येक जण शोकेसला हात न लावता आयुष्य काढतो, तिथे हात लावणारा माणूस डॉक्टरलाही मनापासून विचित्र दिसत असणार. स्नेझनेव्स्की या बड्या मनोविकारतज्ज्ञाच्या परंपरेत 'संथ स्किझोफ्रेनिया' नावाचा आजार होता. त्यात भास नाहीत, असंबद्ध बडबड नाही, माणूस वरून ठाकठीक. अशा निदानात कोणीही बसतो. मला भीती वाटते ती खोट्या डॉक्टरांपेक्षा प्रामाणिक डॉक्टरांची. खोटे बोलणाऱ्याला आपण खोटे बोलतोय हे तरी ठाऊक असते.

थोडे आडवळण घेतो. अलेक्सांद्र येसेनिन-वोल्पिन हा कवी येसेनिनचा मुलगा, पेशाने गणिती. 5 डिसेंबर 1965 रोजी, म्हणजे सोव्हिएत राज्यघटनेच्या दिवशी, त्याने पुढाकार घेऊन मॉस्कोच्या पुश्किन चौकात निदर्शने घडवली. फलकावरची मागणी होती: सोव्हिएत राज्यघटनेचा आदर करा. बस्स. सरकारच्याच सणाच्या दिवशी सरकारचेच पुस्तक सरकारला दाखवायचे. वोल्पिनलाही रुग्णालयाच्या वाऱ्या घडल्या हे सांगायला नकोच. याच गोष्टीचे एक टोक मला फार आवडते. पुढे तुरुंगछावणीत दोघा कैद्यांनी, व्लादिमिर बुकोव्स्की आणि सेम्योन ग्लुझमन यांनी, 1974 मध्ये बंडखोरांसाठी मनोविकारशास्त्राची एक मार्गदर्शिका लिहिली. डॉक्टरांनी तपासायला घेतले तर काय बोलावे, काय बोलू नये. थोडक्यात सल्ला असा की चारचौघांसारखे दिसा. तत्त्वज्ञानाची आवड वगैरे काढू नका. हे तारतम्याचेच पाठ्यपुस्तक म्हणायचे. कपाटात हात घालणाऱ्यांनीच ते लिहिले.

ग्लुझमन मनोविकारतज्ज्ञ होता, कीव्हचा, पंचविशीतला. तो छावणीत का गेला? कारण 1971 मध्ये उपलब्ध कागदांवरून त्याने ग्रिगोरेन्कोची परोक्ष तपासणी केली आणि हा माणूस शहाणा आहे असा अहवाल लिहिला. दुसऱ्याला शहाणा ठरवल्याबद्दल त्याला सात वर्षे छावणी आणि तीन वर्षे हद्दपारी झाली.

हा अहवाल लागला तो ग्रिगोरेन्कोच्या दुसऱ्या अटकेमुळे, आणि त्या अटकेच्या मुळाशी क्रिमियाचे तातार होते. मे 1944 मध्ये स्टालिनने ही सबंध जमात, सुमारे 1 लाख 90 हजार माणसे, देशद्रोहाचा शिक्का मारून गाडीच्या डब्यांत भरून मध्य आशियात नेऊन टाकली. 1967 मध्ये सरकारने शिक्का पुसला, परतीची वाट मात्र मोकळी केली नाही. तातार अर्जांवर अर्ज करत राहिले. 17 मार्च 1968 रोजी लेखक कोस्तेरिन याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत ग्रिगोरेन्को त्यांच्यापुढे बोलला. सांगणे साधे होते: जे तुमचे हक्काचे आहे त्यासाठी याचना करणे थांबवा, ते मागून घ्या. शाळेत आम्हांला अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' लिहायला शिकवत. आज्ञा कोणती, हे विचारायची सोय त्या नमुन्यात नव्हती. तीसेक वर्षे गणवेशात काढलेला माणूस एका अख्ख्या जमातीला ती शेवटची ओळ खोडायला सांगत होता.

मे 1969 मध्ये तातारांच्या खटल्यासाठी तो ताश्कंदला गेला आणि तिथे पकडला गेला. ताश्कंदच्या तज्ज्ञांनी, प्राध्यापक देतेनगोफ यांच्या अध्यक्षतेखाली, त्याला तपासले आणि शहाणा ठरवले. हे उत्तर मॉस्कोला नको होते. सेर्ब्स्की संस्थेने फेरतपासणी करून पुन्हा वेडा ठरवले. 1970 मध्ये त्याला चेर्न्याखोव्स्कच्या खास मनोरुग्णालयात पाठवले. हे गाव पूर्वी जर्मनांचे इन्स्टरबुर्ग. 1945 मध्ये पूर्व प्रशियाच्या मोहिमेत मारला गेलेला तरुण सेनापती इव्हान चेर्न्याखोव्स्की, त्याच्या नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. म्हणजे एका जनरलच्या नावाच्या गावात दुसरा जनरल कोंडला. मेलेल्या सेनापतीचे नाव नकाशावर, जिवंताच्या नावापुढे निदान.

इथवर आलो तेव्हा माझा लेख ठरून गेला होता. ग्रिगोरेन्को ध्येयवेडा, आणि ध्येयवेड्यांमुळेच जग चालते, असा काहीसा शेवट होणार होता. पण त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मी वर सांगितलेली नाही, आणि का सांगितली नाही याचे उत्तर मला बरे वाटत नाही. 1930 च्या दशकात तरुण अभियंता असताना याच ग्रिगोरेन्कोने बेलारूसमध्ये सुरुंग लावून चर्चे उडवली. ज्या पक्षाने धर्म ही अफू आहे असे सांगितले, त्याचा शब्द त्याने तेव्हाही तंतोतंत मानला. त्या दिवशी गावात कोणी तारतम्याचा माणूस असता, तर त्याने दारू ओली झाल्याचे कळवले असते, वरून पुन्हा विचारणा येईपर्यंत महिना घालवला असता, आणि एखादी जुनी भिंत वाचली असती. शेजाऱ्यांचे तारतम्य अशा वेळी किती कामाचे! शब्दाला शब्द धरून चालणे हा काही सद्गुण नव्हे. त्याच वाटेने सुरुंगही लागतात. माझा कपबशीचा सिद्धांत इथे तडकतो.

मग 1934 चा अभियंता आणि 1968 चा वृद्ध यांत फरक कुठे पडला? चर्चबद्दल त्याला नंतर पश्चात्ताप झाला. पण पश्चात्ताप अनेकांना होतो. मला दिसतो तो फरक असा: तरुणपणी तो फक्त वरून आलेले शब्द ऐकत होता, उतारवयात बाजूच्या माणसांचे ऐकू लागला. तातारांशी त्याचे ना रक्ताचे नाते ना भाषेचे. ते काय म्हणतात ते त्याने ऐकले आणि त्यावर उत्तर दिले. देतेनगोफ यांनीही तेच केले. समोरचा काय बोलतोय ते ऐकले. सेर्ब्स्कीच्या डॉक्टरांनी बोलणाऱ्याकडे पाहिले, बोलण्याकडे पाहिलेच नाही.

आणि आता मला 'ध्येयवेडा' हा शब्दही खटकू लागला आहे. मराठीत आपण माणसाला जिवंतपणी वेडा म्हणतो आणि मेल्यावर ध्येयवेडा. दोन्ही वेळा त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टळते. 1974 मध्ये तो सुटला. ऑगस्ट 1975 मध्ये ब्रेझनेव्हने हेलसिंकी कराराखाली, म्हणजे मानवी हक्कांची ग्वाही देणाऱ्या आणखी एका सोनेरी काठाच्या कपाखाली, सही केली होती. 1976 मध्ये त्या कराराची अंमलबजावणी तपासणारे गट मॉस्कोत आणि युक्रेनमध्ये निघाले, आणि दोन्हींच्या संस्थापकांत हा होताच. 1977 च्या अखेरीस शस्त्रक्रियेसाठी तो अमेरिकेला गेला, आणि काही महिन्यांत त्याचे नागरिकत्व काढून घेतले गेले. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले. कसलाही मानसिक आजार आढळला नाही. याचना थांबवा म्हणणाऱ्या माणसालाही शेवटी शहाणपणाचा दाखला काढावा लागला. 1987 मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला. 1993 मध्ये त्याचे जनरलपद मरणोत्तर परत मिळाले, तेव्हा ते पद काढून घेणारा देशच उरला नव्हता. कीव्हमध्ये त्याच्या नावाचा मोठा रस्ता आहे, सिम्फेरोपोलमध्ये तातारांनी त्याचे स्मारक उभारले. रस्ता आणि पुतळा ही तशी शोकेसमधलीच जागा. 1961 मध्ये त्याने विचारलेल्या प्रश्नाला त्या सभागृहातल्या एकाने तरी "तुझे अमुक म्हणणे चूक आहे, आणि ते अशासाठी" असे सांगितले असते, तर ती मोठी गोष्ट झाली असती. कारण चुकीचे असण्याचा हक्क फक्त शहाण्यालाच असतो. वेड्याशी कोणी वाद घालत नाही.

परवा काकांचा नवा कागद सूचनाफलकावर लागला. नेहमीप्रमाणे दाट अक्षर, लाल शाईने अधोरेखित कलम. मी प्रथमच तो शेवटपर्यंत वाचला, घरी जाऊन माझी उपविधींची प्रत शोधली, तिच्यावरची धूळ झटकली आणि कलम ताडून पाहिले. मग दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

"काका, तुम्ही दिलेलं कलम चुकलंय. ते आपल्याला लागूच होत नाही."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिले. "कुठलं?" म्हणाले, आणि चष्मा शोधायला आत गेले.