पाचवं कारण

गर्भोपनिषदात गर्भाची महिन्यागणिक वाढ सांगितली आहे. सातव्या महिन्यात देहाला जीव जोडला जातो. नवव्यात त्याला मागचे जन्म आठवतात, केलेलं बरंवाईट आठवतं, आणि जन्मताना वैष्णव वायूचा स्पर्श झाला की सगळं विसरायला होतं. संस्कृतच्या वर्गात हे मी हौसेने शिकवत असे. माझी नात २८ व्या आठवड्यात जन्मली, वजन ९४० ग्रॅम. आठवणीच्या महिन्यापर्यंत ती पोचलीच नव्हती.

"मागच्या जन्मीचे भोग असणार हो पोरीचे," विहीणबाई म्हणाल्या. बाई प्रेमळ. माझ्या लेकीचा डबा रोज त्याच न्यायच्या. पाचवीला त्यांनी घरी पाटावर कोरा कागद आणि पेन मांडलं, सटवाईने नशीब लिहावं म्हणून. बाळ तिकडे अतिदक्षता विभागात, कपाळ टोपीखाली झाकलेलं, श्वासाला आधार देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या नळ्या त्या टोपीला बांधलेल्या. सटवाई आलीच असती तर सिस्टरने आधी तिला कोपरापर्यंत हात धुवायला लावले असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, निरनिराळे प्रयत्न आणि दैव. दैव नाकारलेलं नाही, पण ते पाचवं आहे. आपण त्याला पहिल्या पंगतीत बसवतो आणि उरलेल्या चौघांची विचारपूसही करत नाही.

श्वास सोडताना फुप्फुसं मिटू नयेत म्हणून सरफॅक्टंट लागतं. इतक्या लवकर आलेल्या बाळात ते पुरेसं तयार झालेलं नसतं. ते तिला श्वासनलिकेतून दिलं. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर, म्हणजे आमच्या पोरीच्या दुप्पट. श्वासाच्या याच आजाराने तो दोन दिवसांच्या आत गेला. त्याचं संचित हिच्यापेक्षा वाईट होतं म्हणायचं? १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट अशा बाळांना दिल्याचं प्रसिद्ध केलं, आणि पुढे ते औषध जगभर गेलं. आमच्या बाळाला दिलेलं गाईचं होतं की डुकराचं, मी विचारलं नाही. दोन्ही मिळतात. विहीणबाईंना तर सांगितलंच नाही.

प्रयत्न म्हणाल तर माझी लेक दर दोन-तीन तासांनी उठून वाटीत दूध काढायची. सुरुवातीला वाटीचा तळही ओला व्हायचा नाही. ते थेंब नळीने बाळाच्या पोटात जायचे. बाळ मधूनच श्वास घ्यायला विसरे, त्यावर कॅफीनचं औषध चालू होतं. आमच्या घरात मुलांना कॉफी देत नाहीत! वजन जरा सावरल्यावर जावई शर्टाची बटणं सोडून तिला छातीशी घेऊन तासन् तास बसायचे. ही रीत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पैशांचं सांगत बसत नाही. बांगड्या होत्या, त्या गेल्या.

शेजारच्या पेटीत एक मुलगा होता, हिच्याहून वजनदार. डॉक्टर तेच, सिस्टर त्याच, आई तशीच वाटी घेऊन उठणारी. जंतुसंसर्ग झाला आणि एका रात्रीत गेला. माझे चारही हिशेब तिथे तोकडे पडले. पाचवं म्हणतात ते हेच असेल, मी वाद घालणार नाही. पण ती आई बाहेर बाकावर बसली होती. विहीणबाई तिच्याजवळ जाऊन बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पूर्वजन्माचं अक्षर त्यांनी काढलं नाही. माझ्या मते त्या क्षणी त्यांना कर्मसिद्धान्त माझ्यापेक्षा नीट कळला होता. माणूस स्वतःला "माझे भोग" म्हणतो तेव्हा त्यातून सोसायचं बळ येतं. तेच वाक्य दुसऱ्याच्या लेकराबद्दल काढलं की तो आरोप होतो, आणि आरोपीला तर अजून बोलताही येत नसतं.

नात आता रांगते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पार पडली, कानांची झाली. लस जन्मतारखेप्रमाणे द्यायची, पण बसणं-रांगणं-बोलणं मोजायचं ते दिवस भरले असते त्या तारखेपासून, असं डॉक्टरांनी सांगितलंय. विहीणबाई विचारत होत्या, मग पत्रिका कुठल्या तारखेची करायची? मी म्हटलं, जन्माची. त्यांना ते पटलेलं दिसत नाही. गुरुजींना विचारणार आहेत.