जिल्ह्याचा आराखडा कोण मांडतो?

एखाद्या प्रदेशाचा आर्थिक विकास आखायचा तर तिथल्या माणसांना बरोबर घ्यायला हवं, हे आज कुणी नाकारत नाही. बरोबर घ्यायचं म्हणजे नेमकं काय, यावर मात्र महाराष्ट्रात अनेक दशकं मंथन चालू आहे. दर पिढीने या प्रश्नाला आपापलं उत्तर दिलं. प्रत्येक उत्तराने काही माणसं बैठकीत आणली, काही बाहेर ठेवली.

सुरुवात पाहणीपासून झाली. पुण्यात 1930 साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तिथून वाई तालुक्यातल्या शेतीची कसून पाहणी केली. कोणत्या जमिनीत काय पिकतं, खर्च किती येतो, हाती काय उरतं, हे शेतकऱ्याला विचारून मांडलं गेलं. प्रदेशाबद्दल बोलण्याआधी प्रदेश समजून घ्यायचा, ही शिस्त तिथे रुजली. अजून शेतकरी माहिती देणारा होता, ठरवणारा नव्हता.

तो ठरवणारा झाला प्रवरेच्या काठी, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. भंडारदरा धरणाच्या पाटपाण्यावर ऊस उभा राहिला होता, पण गुळाचे भाव कोसळले की बागायतदार कर्जात बुडायचा. 1945 साली बेलापूर रोडला, म्हणजे आताच्या श्रीरामपुरात, बागायतदारांची परिषद भरली, गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार तिथून पुढे सरकला. लोणीच्या विठ्ठलराव विख्यांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, मुंबई सरकारातले वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले, सरकारनेही भागभांडवल घातलं. 1950 मध्ये कारखान्याचं धुराडं पेटलं. अर्थशास्त्राचा प्राध्यापक अध्यक्ष आणि जेमतेम शाळा शिकलेला शेतकरी उपाध्यक्ष, अशी ती जोडी होती.

या सहकारी व्यवस्थेची ताकद तिच्या तपशिलात आहे. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. म्हणून कुणाचा ऊस कधी तुटणार हे लागणीच्या तारखेवरून ठरतं, गट कार्यालयात नोंद होते, शेतात तोडीची चिठ्ठी घेऊन चिटबॉय येतो. आपल्याला तोड का मिळाली नाही, असा जाब सभासद वार्षिक सभेत विचारू शकतो, कारण पैसा त्याचा अडकलेला असतो. भागीदारीचा पाया इथे आहे: ज्याचं नुकसान होणार, त्याला निर्णयावर हक्क हवा.

हाच विचार मग कारखान्याबाहेर नेण्याची धडपड झाली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. गोखले संस्थेतल्या 1966 च्या काळे स्मृती व्याख्यानासाठी गाडगीळांनी विषयच निवडला जिल्हा विकास नियोजनाचा. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना, 1969 मध्ये, जिल्हा आराखडे कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वं आयोगाने काढली. एका नदीकाठी जमलं ते प्रत्येक जिल्ह्यात जमावं, ही त्यामागची आस होती.

पण प्रवरेच्या हिशेबात एक माणूस नव्हताच. ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येत राहिल्या. मुकादमाकडून उचल घ्यायची, कारखान्याच्या आवारात कोपी उभारायची आणि पहाटेपासून फडात राबायचं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, म्हणजे बाईच्या श्रमाची वेगळी नोंदच होत नाही. शेअर नाही, म्हणून सभेत मत नाही. एका जिल्ह्याची समृद्धी दुसऱ्या जिल्ह्याच्या दुष्काळावर उभी होती आणि दोन्हीकडचे आराखडे वेगवेगळ्या कचेऱ्यांत होत होते. ज्याच्याकडे जमीन आणि पाणी, तोच भागीदार, ही सहकाराची मर्यादा होती. सहकाराबद्दल आदर ठेवूनच ते स्पष्ट म्हणायला हवं.

प्रदेशाप्रदेशांतली ही दरी मोजण्याचं काम 1983 साली वि. म. दांडेकर समितीकडे आलं. दांडेकरही गोखले संस्थेचेच. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे, हे समितीने तपासलं आणि 1984 मध्ये सुमारे 3,187 कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. त्यामुळे मराठवाडा-विदर्भाच्या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळाला. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळंही आली. हे मोठं काम होतं. तरी चर्चा हळूहळू ‘आम्हाला किती मिळाले’ इथे अडकली. ‘आम्ही काय उभं करणार’ हा प्रवरेचा प्रश्न मागे पडला.

दोन्ही प्रश्न एकत्र आणण्याची सोय 74 व्या घटनादुरुस्तीत आहे. जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि जिल्ह्यातल्या नगरपालिकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींतून यावेत, असं घटना सांगते. आणि 2022 नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या! समितीचे बहुसंख्य सदस्य जिथून यायचे, ती जागाच रिकामी. त्या काळातही निधी आला आणि खर्च झाला, पण कुणाला जाब द्यावा लागला?

आज पुन्हा जिल्हानिहाय उत्पन्नवाढीची धोरणं आखली जात आहेत. ती तयार झाल्यावर लोकांचं मत मागवणं म्हणजे भागीदारी नव्हे. गाडगीळांची पाहणी, विख्यांचे शेअर आणि दांडेकरांचा अनुशेष, या तिन्हींची गरज आहे. त्यांच्या जोडीला तिघांच्याही काळात बाहेर राहिलेला माणूस आत यायला हवा. अहिल्यानगरचा साखरेचा आराखडा ठरत असताना बीडच्या ऊसतोड कामगारांचे प्रतिनिधी मताच्या अधिकारानिशी तिथे असले पाहिजेत. त्यात निम्म्या बायका असल्या पाहिजेत. जिल्ह्याच्या हद्दी कारभारासाठी आहेत, माणसाचं पोट त्या हद्दी ओलांडून भरतं. विकासाची आखणी करताना आपण हे मान्य करू, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने प्रदेशाची होईल.