घाईनें निवालेली कांच

ज्यांच्या बाळपणीं गांवांत विजेचे दिवे आले नव्हते, त्यांस कंदिलाची कांच तडकल्याचा आवाज अजून आठवत असेल. आमच्या घरीं सायंकाळच्या प्रार्थनेस पडवींत कंदील टांगीत असत. पावसाळ्यांत कौलांमधून एखादा थेंब ठिबके, तो नेमका तापलेल्या कांचेवर पडे, ‘टिच्’ असा बारीक आवाज होई, आणि वडिलांचें ‘आमेन’ त्या दिवशीं जरा लवकर येई. नवी कांच बाजाराच्या दिवसावांचून मिळत नसे. एवढ्याशा थंड पाण्यानें चांगली धड कांच कां फुटावी, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत आहे. त्याचें उत्तर शोधतांना जें हातीं आलें, तें मंडळ्यांत काम करणाऱ्या प्रचारक बंधूंच्याहि उपयोगी पडेल असें वाटून आज लिहीत आहों.

ताप लागला कीं कांच किंचित् फुगते व निवली कीं आकसते. थेंब पडला तेवढीच जागा एकाएकीं आकसूं पाहते. भोंवतालची कांच तापलेलीच असल्यामुळें आकसत नाहीं. मग दोहोंमध्यें ओढाताण सुरू होते. लोखंडाची तार ओढली तर थोडी लांबते. कांचेच्या अंगीं तो गुण नाहीं. ती दाब पुष्कळ सोसते, पण ओढ सोसत नाहीं. हें वाचकांनीं ध्यानांत धरावें, कारण पुढील सर्व हकीकत त्यावरच उभी आहे. ओढ कां सोसत नाहीं, तें ग्रिफिथ नांवाच्या इंग्रज संशोधकानें १९२० च्या सुमारास दाखवून दिलें. कांचेच्या अंगावर डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, आणि ओढ लागली म्हणजे तिचा सारा जोर अशा एखाद्या चिरेच्या टोकाशीं एकवटून ती फाकत जाते.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, घाईनें निवणें कांचेला घातक, एवढेंच सांगावयाचें आहे. पण गोष्ट इतकी सोपी नाहीं.

१६६० सालीं रूपर्ट नांवाच्या राजपुत्रानें युरोप खंडांतून इंग्लंडांत कांचेचे कांहीं थेंब आणिले, आणि राजा दुसरा चार्ल्स यानें ते १६६१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विद्वानांकडे परीक्षेस पाठविले. हे थेंब करण्याची रीत अशी: वितळलेल्या कांचेचा थेंब थंड पाण्यांत टाकावयाचा. तो बेडकाच्या पिलासारखा होतो. पुढें गोल डोकें व मागें लांब बारीक शेंपूट. हें डोकें ऐरणीवर ठेवून हातोडीनें ठोकलें तरी फुटत नाहीं. पण तेंच शेंपूट दोन बोटांच्या चिमटींत धरून मोडलें, तर शेंपूट, डोकें, सगळा थेंब एका क्षणांत भुकटी होऊन जातो. त्या विद्वानांस याचा फार अचंबा वाटला. रॉबर्ट हूक यानें १६६५ च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिआ’ या ग्रंथांत या थेंबांचा विचार केला आहे.

आतां याचें कारण. पाण्यांत पडतांच थेंबाची बाहेरची साल प्रथम निवते व घट्ट होते. आंतली कांच तेव्हां मऊच असते. मागाहून तीहि निवूं लागते व आकसूं पाहते, पण भोंवतीं साल आधींच कठीण झालेली. म्हणून ती सालीला आंत ओढते. अशा रीतीनें साल जन्मभर दाबाखालीं राहते आणि आंतलें अंग जन्मभर ओढीखालीं. सालीवरच्या चिरा त्या दाबानें मिटलेल्या असतात, म्हणून हातोडीचा घाव व्यर्थ जातो. शेंपूट मोडलें म्हणजे मात्र चीर थेट आंतल्या ओढलेल्या भागांत शिरते, आणि मग तिला अडविणारें कांहीं नाहीं. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधांत, अतिशीघ्र छायाचित्रें घेऊन ही चीर सेकंदास १,४५० ते १,९०० मीटर धांवते असें मोजण्यांत आलें. म्हणजे हवेंतील ध्वनीच्या चौपटीहून अधिक वेग. पुढें २०१६ सालीं एस्टोनिया देशांतील टॅलिन येथील संशोधकांनीं, केंब्रिज व पर्ड्यू येथील सोबत्यांसह, सालीवरचा दाबहि मोजला. तो आपणां सर्वांवर असलेल्या हवेच्या दाबाच्या चार हजारांपासून सात हजार पट भरला. बंधूंनो, घावापुढें न हालणारें तें डोकें आणि चिमटीनें मोडणारें तें शेंपूट यांस दोन निरनिराळीं कारणें नाहींत. घाईचें निवणें हेंच दोहोंचें कारण.

या गुणाचा माणसानें उपयोगहि करून घेतला आहे. १८७४ सालीं द ला बास्ती नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें तापविलेली कांच ऊन तेलांत बुडवून बळकट करण्याची युक्ति काढली. तीं भांडीं खालीं पडून फुटत नसत. पण कधीं कधीं फळीवर ठेवल्या जागींच आपोआप फुटत, म्हणून लोक तीं घेण्यास कचरूं लागले. आज मोटारीच्या बाजूच्या खिडकीस व मोठ्या इमारतींस जी टफन कांच लावितात, ती सहाशें अंशांवर तापवून दोन्ही बाजूंनीं वाऱ्याचा जोराचा झोत सोडून निवविलेली असते. ती साध्या कांचेच्या चार-पांच पट मजबूत असते, आणि फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होतां बोथट कण होतात. हा उपकार लहान नव्हे, त्यानें कित्येकांचे जीव वांचले आहेत. परंतु तीस कापणें, भोंक पाडणें, कड घांसणें हें सर्व आधींच उरकावें लागतें. एकदां तसें निवविल्यावर कारागिरास तिच्यावर पुन्हां हात चालवितां येत नाहीं. हत्यार सालीच्या आंत गेलें कीं सगळीच कांच गेली.

या शेवटल्या गोष्टीपाशीं आम्ही पुष्कळ दिवस थांबलों होतों, आणि त्याचें कारण सांगणें भाग आहे.

आमच्या सेवेच्या आरंभींच्या वर्षांत एका खेड्यांत एका तरुणाचा बाप्तिस्मा झाला. भाऊबंदांनीं त्याला वाट्याचें शेत नाकारलें, ठरलेलें लग्न मोडलें, एकदां मारहाणहि झाली. तो डगमगला नाहीं. आम्हांस त्याचा अभिमान वाटला, आणि आम्हीं तो व्यासपीठावरून बोलून दाखविला. वर्ष पुरें होण्याआधींच शब्बाथ शाळा, दानाची पेटी व तिचा हिशेब हीं त्याच्या हातीं दिलीं. त्याला शिकवीत, बरोबर घेऊन हिंडत, चुका पोटांत घालीत जे दिवस घालवावयाचे, ते आम्हीं घालविले नाहींत. मार खाऊन जो उभा राहिला त्याला आणखी काय शिकवावयाचें, असें आम्हांस वाटलें. पुढें एका बैठकीस दोनशें रुपयांचा मेळ बसेना. सर्वांसमक्ष आम्हीं सहज विचारलें, “पैसे कोणाकडे आहेत?” आवाज चढविला नाहीं, आरोप केला नाहीं. त्यानें किल्ल्या मेजावर ठेविल्या व तो निघून गेला. पैसे दुसऱ्या दिवशीं वहींतच सांपडले. तो मात्र आला नाहीं. पंच म्हणाले, माणूस कच्चा होता; आणि आम्हींहि त्यांस मान डोलविली. तें खोटें होतें. तो कच्चा नव्हता. त्याला घाईनें कठीण करणारे आम्ही होतों, आणि चिमटा घेणारेहि आम्हीच.

शिमोन पेत्राचें पाहा. बागेंत तलवारी व सोटे घेतलेल्या जमावापुढें त्यानें एकट्यानें तलवार उपसली; आणि त्याच रात्रीं अंगणांत कोळशाच्या विस्तवाजवळ एका दासीच्या साध्या प्रश्नानें तो मोडला. त्याची पहिली हिंमत खोटी होती असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

आतां उलट बाजूचें एक उदाहरण. अमेरिकेंत पालोमार पर्वतावरील दुर्बिणीसाठीं २०० इंच रुंदीचा आरसा हवा होता. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्निंग गांवीं १९३४ च्या मार्च महिन्यांत पहिली चकती ओतली, तेव्हां सांच्याचे कांहीं भाग सुटून वितळलेल्या कांचेवर तरंगूं लागले व ती वाया गेली. डिसेंबरांत दुसरी ओतली. वजन सुमारें वीस टन. ती निवविण्यास किती वेळ दिला असेल? दहा महिने! भट्टीची ऊब रोज एखाद्या अंशानें उतरवीत ते लोक बसले होते. १९३५ च्या जुलैंत चेमुंग नदीला पूर येऊन पाणी कारखान्यांत शिरलें, तरी ती चकती वांचली. १९३६ त आगगाडीनें ती कॅलिफोर्नियास नेली. घांसण्याचें काम मध्यें युद्धामुळें थांबून १९४७ पर्यंत चाललें, आणि १९४८ त दुर्बिणीचें समर्पण झालें. अशी सावकाश निवालेली कांच हातोडीपुढें टिकत नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. घाव सोसण्यांत टफन कांचच वरचढ. पण तिच्या पोटांत ओढाताण उरलेली नसते, म्हणून ती वर्षानुवर्षें घांसतां येते, सुधारतां येते. एके ठिकाणीं खरवडली तर तेवढेंच खरवडतें.

रूपर्टचा थेंब दुरुस्त होऊं शकतो काय, असें आमच्या एका प्रचारक बंधूंनीं विचारलें. होतो. त्याला न मोडतां हळू हळू पुन्हां तापवावें, आंतली ओढ सैल पडेपर्यंत तसाच ठेवावा, आणि मग सावकाश निवूं द्यावा. मग त्याचें शेंपूट मोडलें तर शेंपूटच मोडतें. हातोडी सोसण्याचें त्याचें नवल मात्र त्याबरोबर जातें, आणि आम्हांस वाटतें तें जावें. पेत्रासहि तिबिर्याच्या समुद्राकांठीं पुन्हां कोळशाच्या विस्तवापाशींच बोलावण्यांत आलें होतें, आणि प्रश्न विचारण्यापूर्वीं त्याला पोटभर न्याहारी मिळाली होती.

त्या तरुणाच्या घरीं जाण्यास आम्हांस चार वर्षें लागलीं. लाज आडवी येत होती. शेवटीं एका संध्याकाळीं गेलों. तो चुलीपुढें भाकरी भाजीत होता. आम्हीं क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं, पाट पुढें सरकविला. त्यानंतर दर गुरुवारीं जात आहों. मंडळीचें नांव आम्ही काढीत नाहीं, किल्ल्यांचें तर नाहींच. गेल्या गुरुवारीं निघतांना त्यानें आपण होऊन विचारलें कीं, शब्बाथ शाळेंत आतां मुलें किती येतात. आम्हीं सांगितलें, एकवीस.