सोडून दिलेला डाव

शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला मुद्दाम जिंकू द्यावे की न द्यावे, हा प्रश्न दिसायला लहान आहे. घरोघरी तो सोडवलेलाच असतो. नातवंडाबरोबर पत्ते खेळताना आजी हुकुमाचे पान हातातच ठेवते, शर्यतीत बाप शेवटच्या चार पावलांवर रेंगाळतो, आणि लेकरू जिंकले की सारे घर हसते. यात कोणाला दोष दिसत नाही, मलाही दिसत नाही. पण तोच प्रश्न जाणत्या माणसाच्या बाबतीत आणि शिकण्याच्या ठिकाणी उभा राहिला की त्याला काटे फुटतात. बुद्धिबळाच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार करू.

बुद्धिबळच का, असे वाचक विचारतील. कारण या खेळात झाकलेले काही नसते. पत्त्यांत हात लपवता येतो, फाशांत दैव असते. इथे चौसष्ट घरे आणि बत्तीस मोहरी दोघांच्याही डोळ्यांपुढे उघडी असतात. मला जे दिसते ते समोरच्यालाही दिसू शकते. अंतर असते ते फक्त पाहण्याच्या सवयीचे. म्हणून बुद्धिबळात सापळा लावणे हे कपट होत नाही, सापळा पटावर मांडलेलाच असतो. या खेळात खोटेपणाला जागा उरते ती एकच: दिसत असून न दिसल्याचे सोंग घेणे.

आमच्या दिंडीत एक गृहस्थ आहेत. गावी त्यांचे किराणा दुकान आहे, वय पासष्टच्या पुढे. लहानपणी पारावर वडीलधारी मंडळी देशी बुद्धिबळ खेळत, ते त्यांनी उभ्याने पाहिले होते. स्वतः कधी बसले नाहीत. गेल्या कार्तिकीनंतर शहरात शिकणाऱ्या नातवाने त्यांना फोनवर चाली शिकवल्या. देशी डावात प्यादे पहिल्यापासून एकेक घर चालते, आणि इथे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते, हे त्यांच्या मनाला बरेच दिवस रुचेना. तरी गोडी लागली. रात्री दुकान बंद झाले, हरिपाठ झाला की नातवाशी एक डाव. आणि रोज आजोबा जिंकत.

ते दोघे लिचेस नावाच्या संकेतस्थळावर खेळत. ते विनामूल्य आहे. खेळलेला डाव तिथे जसाच्या तसा राहतो आणि संपल्यावर संगणकाकडून तपासून घेता येतो. कोणाची कोणती चाल चुकली ते यंत्र खुणा करून दाखवते. एके रात्री आजोबांनी कुतूहलाने तपासणी लावली. एकाच डावात तीनदा त्यांचा वजीर फुकट पडला होता आणि तीनदा नातवाने तो घेतला नव्हता. मग त्यांनी मागचे डाव एकेक करून उघडले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘‘माउली, पोरानं मला फसवलं.’’ मी म्हटले, ‘‘अहो, प्रेमानं केलं असेल.’’ ते म्हणाले, ‘‘प्रेमानंच केलं, ते का मला कळत नाही? पण आठ दिवस मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, नातवाला हरवतो म्हणून. आता खरा जिंकलो तरी मला कसं कळायचं?’’

मला वाटते, सारा प्रश्न त्यांच्या या शेवटच्या वाक्यात आहे. गुपचूप दिलेला विजय एका डावापुरता राहत नाही. तो मागे जाऊन जुने डाव नासवतो आणि पुढे जाऊन न झालेलेही. हरल्याचे दुःख दोन दिवसांत विरते, पण ‘हा माझ्याशी खरा खेळला का’ ही शंका एकदा बसली की सहज उठत नाही.

आता नातवाची बाजूही नीट ऐकली पाहिजे, तो काही आरोपी नव्हे. तो म्हणेल: नवशिका रोज हरला तर खेळ सोडून देतो. आजोबांना रात्रीची करमणूक हवी होती, ज्ञान नको होते. अधिकार पाहून शिकवावे असे आपणच सांगता ना? हा पूर्वपक्ष बळकट आहे. हुशार खेळाडूने नवशिक्याला पंधरा चालींत चिरडून ‘मी खरा खेळलो’ म्हणणे यात सत्याची चाड कमी आणि स्वतःची हौस जास्त असते. अशा शिक्षकांनी जितकी माणसे खेळातून घालवली असतील तितकी नातवाच्या मायेने खात्रीने घालवली नाहीत.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसा आणि आर्जव ही दोन्ही एकाच श्लोकात आली आहेत. अहिंसेचे विवरण ज्ञानेश्वरीत फार विस्ताराने केलेले आहे. दुखवू नये हे आपण पुष्कळ ऐकतो. आर्जवाकडे, म्हणजे सरळपणाकडे, त्या मानाने लक्ष कमी जाते. शिकवताना ही दोन एकमेकांच्या आड येतात असे वाटते. खरे खेळावे तर समोरचा दुखावतो, न दुखवावे तर खोटे खेळावे लागते. तिसरी वाट नाही काय?

दिंडीत ती रोज दिसते. दिवे घाट चढताना तरणा वारकरी म्हाताऱ्याच्या बरोबरीने हळू चालतो. तो पाय दुखल्याचे सोंग करत नाही. त्याच्या पायांत जोर आहे हे म्हाताऱ्यालाही ठाऊक असते आणि तो आपल्यासाठी थांबतो आहे हेही ठाऊक असते. त्यात कमीपणा वाटत नाही, कारण दिलेले उघड आहे. तोच तरणा जर लंगडण्याचे नाटक करू लागला, आणि घाटमाथ्यावर म्हाताऱ्याला ते कळले, तर?

बुद्धिबळ खेळणाऱ्यांनाही ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या क्लबांत, पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये बलवान खेळाडू दुबळ्याशी खेळताना आपले एखादे मोहरे डावाआधीच पटावरून काढून ठेवी. कोणाला प्यादे, कोणाला घोडा, अगदी नवख्याला हत्ती किंवा वजीरसुद्धा. अमेरिकेचा पॉल मॉर्फी युरोपातल्या नामांकित खेळाडूंना हरवून 1859 साली मायदेशी परतला, आणि पुढे त्याने एक प्यादे व पहिली चाल समोरच्याला देऊन खेळण्याची तयारी जाहीर केली. जाहीर केली, हा शब्द महत्त्वाचा. देणे आधी ठरायचे आणि मग दोघेही जीव लावून खेळायचे. घेणाऱ्याला आपण किती घेतले ते मोजता येई, म्हणून पुढे ते कमी करत नेता येई.

फोनवरच्या डावात हे शहाणपण लहान लहान सोयींत शिरलेले दिसते. मित्रत्वाचा डाव गुणांकनात धरला जात नाही. चाल परत मागता येते, पण ती समोरच्याने मान्य केली तरच मिळते. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट: समोरच्याच्या घड्याळात पंधरा सेकंद वाढवून देण्याचे बटण तिथे आहे, स्वतःच्या घड्याळात वाढवून घेण्याचे नाही. डाव चालू असताना यंत्राला विचारून खेळणे मात्र तिथे निषिद्ध. ते उघडच आहे. मग समोर माणूस कशाला हवा?

फोननंतर आम्ही दोघांनी खेळायला सुरुवात केली. ठरले ते असे: मी एकही चाल मुद्दाम वाईट खेळणार नाही, आणि ते विचारतील तेव्हा मी उत्तर न सांगता प्रश्न विचारेन. पहिलाच डाव सांगतो, कारण नवशिके बहुधा असेच खेळतात. पांढरी मोहरी त्यांची. राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे, माझेही. लगेच त्यांचा वजीर पटाच्या कडेला आला, मागोमाग उंट. दोघांचा रोख माझ्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर. सुरुवातीला त्या प्याद्याला एका राजाचाच आधार असतो. ही चार चालींची मात, नातवानेच शिकवलेली. मी एक घोडा आधीच काढला होता. आता घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून वजिराला हटकले. वजीर मागे आला, रोख तोच. मी दुसरा घोडा मध्ये घातला. वजीर दुसऱ्या बाजूने उंटाच्या पाठीशी गेला, पुन्हा रोख तोच. मी पहिला घोडा पटाच्या मध्यात नेऊन वजिरावर धरला. वजीर एक घर बाजूला झाला. त्यांच्या सहा चाली झाल्या होत्या, त्यांतल्या चार एकट्या वजिराच्या. दोन्ही घोडे घरी, दोन्ही हत्ती घरी, किल्लेकोट लांबच.

यावर मी उंट वजिरासमोर नेऊन ठेवला. आधाराला कोणी नाही, वजिराने मारावा असा. मारला तर माझा मधला घोडा एका प्याद्याला खाऊन राजाला शह देतो आणि त्याच उडीत वजिरावरही येतो. हे मला दिसत होते. लपवले काहीच नव्हते. तरीही हात क्षणभर थांबतो, कारण समोर नवखा माणूस आहे. अशा वेळी आपण त्याच्यावर दया करतो आहोत की त्याने आपल्याला चांगले म्हणावे म्हणून धडपडतो आहोत, हे ओळखणे पटावरच्या कोणत्याही चालीहून अवघड आहे.

त्यांनी उंट मारला. मी घोडा हलवण्याआधी लिहिले, ‘‘माउली, माझा मधला घोडा कुठे कुठे उडी मारू शकतो, ती घरे मोजा. चाल परत हवी असेल तर मागा, मी देतो.’’ बराच वेळ काही हलले नाही. मग उत्तर आले, ‘‘मोजली. वजीर गेला. पण चाल परत नको. परत घेतली तर उद्या पुन्हा मारीन.’’

इथे माझ्या मोठेपणाला थोडी चपराकच बसली. आपण समजतो, शिष्याला चुकीपासून वाचवणे हेच गुरूचे देणे. पण चूकही त्याची असते. ती पुरी भोगण्याचा हक्क त्याचा. चाल परत देऊ करणे माझ्या हाती, घ्यायची की नाही ते त्यांच्या. सगळे उघड असल्यामुळेच त्यांना नाही म्हणता आले. नातवाने वजीर सोडला तेव्हा आजोबांना ‘घे रे, सोडू नकोस’ असे म्हणायची सोयच नव्हती.

वजीर गेल्यावर ते हरले. पुढचे बारा डावही हरले. पण दहाव्या डावापासून वजीर सातव्या-आठव्या चालीपर्यंत घरी राहू लागला आणि घोडे आधी बाहेर पडू लागले, हे मी पाहत होतो. नातवाशीही त्यांनी बोलणे केले. आता तो खरा खेळतो आणि आजोबा रोज हरतात. दुकानात ते हेही सांगतात, असे ऐकतो.

मग त्यांच्याच संमतीने मी एक घोडा काढून खेळू लागलो. हवी तशी मांडणी करून डाव सुरू करण्याची सोय तिथे आहे. पाचव्या डावात ते जिंकले. लांबलेला डाव होता, शेवटी त्यांनी प्यादे पुढे नेऊन त्याचा वजीर केला. मी अभिनंदन लिहिले. त्यांनी विचारले, ‘‘तुमचा घोडा असता तर?’’

मी लिहिले, ‘‘तर तुम्ही हरला असता.’’

‘‘बरं,’’ एवढेच उत्तर आले.

दुसऱ्या रात्री आमंत्रण त्यांच्याकडून आले, मांडणी त्यांनीच केलेली. माझे दोन्ही घोडे जागेवर होते. राजाच्या उंटापुढचे प्यादे तेवढे काढलेले होते.