भाड्यानें दिलेलें नांव

दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपलें नांव घालूं द्यावें, त्याबद्दल थोडें द्रव्य घ्यावें, आणि ती मालमत्ता कोठून आली याची चौकशी मात्र करूं नये, यांत दोष आहे किंवा नाहीं? आमच्या खेड्यांतील वाचकांस हा प्रश्न नवा नाहीं. जमीन एकाची व सातबाऱ्यावर नांव भलत्याचेंच, असे बेनामी व्यवहार कोणाच्या ऐकिवांत नाहींत? सही करणारा म्हणतो, "माझें काय गेलें? मीं नुसता अंगठा उठविला." या उत्तराचा विचार करण्यासाठीं वाचकांस आज थोडें समुद्रापलीकडे नेणें भाग आहे, कारण तेथें याच उत्तरावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या आहेत.

इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्रांत सार्क नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. वस्ती जेमतेम एखाद्या खेड्याएवढी; मोटारगाड्यांस तेथें मनाई, ट्रॅक्टर व घोड्याच्या गाड्या एवढ्यांवरच काम चालतें. १९९८ सालीं ब्रिटिश सरकारच्या आज्ञेनें त्या भागांतील कारभाराची तपासणी झाली, तेव्हां दिसून आलें कीं, सार्कच्या सुमारें ५७५ रहिवाशांकडे कंपन्यांचीं मिळून सुमारें १५,००० संचालकपदें आहेत! कंपनीचा कारभार बेटावरून चालतो असें कागदोपत्रीं दाखवावें, म्हणजे दुसरीकडील कर टळे. संचालकानें पुढें आलेल्या कागदावर सही करावी व आपली फी घ्यावी, इतकेंच त्याचें काम.

असे कागद तयार करून देणें हाच कित्येक पेढ्यांचा धंदा आहे. त्या कंपन्या व ट्रस्ट स्थापून देतात, त्यांस पत्ता देतात, नामधारी संचालक पुरवितात, आणि दरसाल फी घेतात. पनामा देशांतील मोसॅक फोन्सेका ही अशीच एक मोठी पेढी होती. २०१६ च्या एप्रिलांत तिच्या दप्तरांतील १ कोटी १५ लाख कागदपत्रें उजेडांत आलीं व त्यांत २ लाख १४ हजार कंपन्या वगैरे संस्थांचीं नांवें निघालीं. आइसलंडच्या पंतप्रधानांस त्याच आठवड्यांत पद सोडावें लागलें. पेढीनें २०१८ सालीं आपला व्यवहार बंद केला.

ट्रस्ट ही गोष्ट मुळांत वाईट आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. १२२४ सालीं फ्रान्सिस्कन भिक्षु इंग्लंडांत आले. मालमत्ता ठेवावयाची नाहीं असें त्यांचें व्रत. म्हणून त्यांच्या राहण्याच्या जागा नगरवासीयांच्या नांवें असत व उपयोग भिक्षु करीत. ट्रस्टच्या कायद्याचें एक मूळ येथें सांपडतें. (पुढें १३२२ सालीं पोप बाविसावे योहान यांनीं, भिक्षूंच्या वस्तूंची मालकी पोपची व उपयोग मात्र भिक्षूंचा, या व्यवस्थेंत कांहीं अर्थ नाहीं असें ठरविलें, तो वाद निराळा.) आमच्या पुष्कळ मंडळ्यांचीं प्रार्थनामंदिरें व शाळांच्या जागा आजही विश्वस्तांच्याच नांवें आहेत. पोरक्या मुलांचें वतन वयांत येईपर्यंत कोणी भला मनुष्य सांभाळतो, तोही विश्वस्तच. पण त्याला कोणीही विचारावें, "ही जमीन कोणासाठीं धरली आहे?" आणि त्यानें न अडखळतां सांगावें. वरील पेढ्यांच्या पुष्कळशा धंद्यांत हें उत्तर न देण्याचेंच मोल घेतलें जात असे.

पनामाच्या त्या पेढीच्या एका संस्थापकानें आपल्या बचावार्थ मोटारींच्या कारखान्याचा दाखला दिला होता. मोटार तयार करून विकली म्हणजे कारखान्याची जबाबदारी संपली, असा त्याचा भाव. दाखला वरवर पटण्यासारखा आहे. चाकू घडविणाऱ्या लोहाराला खुनाबद्दल कोण धरील? परंतु विकलेल्या मोटारीला नंबर असतो, व तो कोणाचा हें सरकारदरबारीं नमूद असतें. जो कारखानदार नंबर नसलेली मोटार देतों असें सांगून गिऱ्हाईक जमवितो, आणि गाडी कोणीं नेली हें आपल्याही वहींत लिहून ठेवीत नाहीं, त्याला लोहाराच्या पंक्तीला कसें बसवावें? कागदपत्रें फुटल्यानंतर या पेढीनेंच आपलें दप्तर तपासलें, तेव्हां ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील तिच्या सुमारें २८,५०० चालू कंपन्यांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक कंपन्यांचे खरे मालक कोण, हें तिला सांगतां येईना. अज्ञान दोन तऱ्हांचें असतें. एक नकळत राहतें. दुसरें जपून राखावें लागतें, कारण त्याचीच फी मिळत असते.

कायद्याचा निर्णय निराळा झाला, हेंही सांगितलें पाहिजे. २०२४ च्या जूनमध्यें पनामाच्या न्यायालयानें या पेढीच्या प्रकरणांतील २८ आरोपींस दोषमुक्त केलें. पुरावा पुरेसा ठरला नाहीं. तो निर्णय आम्हांस मान्य आहे. परंतु गुन्हा शाबीत न होणें आणि कृत्य योग्य असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्या देशांत १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्यांत २०१६ सालीं सुधारणा झाली. तींत खऱ्या मालकाप्रमाणेंच नांव देणाऱ्यासही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे. हें ऐकून आमच्या मनांत प्रथम येतो तो मालक नव्हे, तर ज्याच्या अंगठ्याची किंमत दोन दिवसांच्या मजुरीएवढी ठरली असा गरीब मनुष्य. त्याला कागद वाचतां येत नव्हता. नाहीं म्हणावें, तर उद्यां काम मिळण्याची भीति. त्याचा दोष व कागद लिहून आणणाऱ्या शहाण्याचा दोष एका मापानें मोजणें आम्हांस न्याय्य दिसत नाहीं. तथापि त्याचा दोष मुळींच नाहीं, असेंही म्हणवत नाहीं. कारण त्याच्या सहीवांचून तो शहाणा एक पाऊलही पुढें जाऊं शकत नव्हता. निदान कागद कोणासाठीं आहे, हें तरी त्यानें विचारावयाचें होतें. विचारल्यावर समोरचा हंसून गप्प बसला, तर उत्तर मिळालेंच.

सार्कच्या संचालकांस हा प्रश्न पडला होता किंवा नाहीं, कोण जाणे. पुढें नवे निर्बंध आले व बेटावरील तो धंदा बसला. तेव्हां त्यांतील कित्येकांनीं आपलें बिऱ्हाड दूरदूरच्या मुलखांत हालविलें आणि तेथून सह्या करणें चालू ठेविलें.